गोल चौकातून बाहेर पडायचं कसं

निळ्या गाडीतली नर्स पाचव्यांदा झाडांना पाणी घालणाऱ्या त्याच माळ्यासमोरून गेली आणि या वेळी त्याने चक्क हात हलवला.

तिला रडू यायचंच बाकी होतं. या देशात येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. तिच्या देशात गोल चौकात लोक वाट देतात, वर हसतात. इथे गाड्या अशा घुसत होत्या, जणू पलीकडे काहीतरी फुकट वाटतायत. ही बापडी इंडिकेटर लावून सभ्यपणे वाट बघायची... आणि मधल्या हिरवळीभोवती गरगर फिरत राहायची. पलीकडच्या गल्लीत गुडघ्याच्या ड्रेसिंगसाठी एक आजोबा खोळंबलेले. आधीच दोनदा उशीर झालेला. तिसऱ्यांदा झाला तर सामान बांधा, असं ऑफिसने बजावलेलं.

सहाव्या फेरीला माळी हिरवळीच्या कडेला आला. "इंडिकेटर बंद करा. इथे तो कुणी बघत नाही."

सातव्या फेरीला तिने काच खाली केली. "मग त्यांना कळणार कसं?"

आठव्या फेरीला उत्तर तयार होतं. "हात बाहेर काढायचा, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. आणि एकदा बघितलं की माघार नाही."

नवव्या फेरीला तिने हात काढला आणि एका बसवाल्याच्या डोळ्यात थेट बघितलं. बसवाला वैतागला, पुटपुटला — पण थांबला. ती सुटली. आजोबांकडे दोन मिनिटं आधी पोचली.

तेव्हापासून ती घरून दहा मिनिटं लवकर निघू लागली. एका फेरीत प्रश्न, दुसऱ्या फेरीत उत्तर. दिवसभर या धुरात कंटाळा येत नाही का, असं तिने एकदा विचारलं.

"आला असता," तो पुढच्या फेरीला म्हणाला, "पण सव्वानऊला एक निळी गाडी येते ना."

त्या दिवशी ती भलत्याच रस्त्याने बाहेर पडली. आजोबा पक्के बेरकी. पट्टी बांधून घेताना म्हणाले, "पोरी, गाडीत बसूनही गालाला ऊन लागतं वाटतं?"

मग एका शुक्रवारी माळ्याने सांगितलं, सोमवारपासून त्याची बदली, नदीकाठच्या बागेत. तिने एक फेरी मारली. दुसरी, तिसरी...

चौथ्या फेरीला तिने गाडी थांबवली. भर चौकात. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. नेमका तोच बसवाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "ताई, आज इथेच मुक्काम का?"

तिने हात बाहेर काढला. माळ्याच्या डोळ्यात बघितलं. आणि माघार घेतली नाही.

त्याने झारी खाली ठेवली, मातीचे हात पँटला पुसले. "कुठे जायचंय?"

"आधी आजोबांकडे. मग नदीकाठी. तिथला रस्ता मला माहीत नाही." तिने दार उघडलं. "बस ना... तू दाखव."

तो बसला. बसवाल्याने, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हाताने खुणावून वाट करून दिली. समोर रस्ता मोकळा होता, अगदी सरळ.

तिने तरीही आणखी एक फेरी मारलीच.