भाटाच्या वहीतला कडूबा

बद्रीनाथांना एक भाऊबंद हवा होता. लांबचा, बोलणं तुटलेला, कसाही चालला असता. आपण गेल्यावर अग्नी द्यायला हक्काचं एक माणूस, एवढंच. वाळूजच्या कंपनीत वीस-बावीस वर्षं मापं तपासण्यात गेलेली, त्यामुळे भूतबाधा वगैरे प्रकारांशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. बायको, आशाबाई, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची कूस कधी उजवली नव्हती. बजाजनगरच्या दोन खोल्यांत बद्रीनाथ एकटेच राहत, आणि कधीकधी दिवसभरात पहिला शब्द दूधवाल्याशी बोलायचा तो शेवटचाही ठरायचा.

म्हणून ते सकाळच्या एसटीनं अजिंठ्याला पुंजाराम भाटांकडे गेले. घराण्याची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या भाटांच्याच वहीत असे. दोन-तीन वर्षांनी भाट दारी यायचा, कोण जन्मलं, कोण गेलं ते विचारून लिहायचा, शिधा घेऊन जायचा. मूल नसलेल्याच्या नावापुढे तो शून्य काढायचा आणि त्या दारी पुन्हा यायचा नाही. बद्रीनाथ नेहमी ड्यूटीवर. भाटाचं काय ते आशाबाईच बघायच्या.

पुंजारामांनी लाल फडक्यातलं बाड सोडलं. निजामाच्या काळातली पानं वाळवीनं जाळीदार केली होती. नंतरची जरा बरी होती.

"पोलीस ॲक्शनच्या फुडल्या साली तुमचा जलम. हे बघा."

बद्रीनाथांनी चष्मा लावला. नाव सापडलं. पुढे शून्य नव्हतं. नावाखालून एक रेघ निघाली होती आणि तिच्या टोकाला लिहिलं होतं, कडूबा.

"हा कोण?"

"कोण म्हंजी? तुमचं पोरगं की, मालक."

शेजारी बारीक अक्षरात होतं: साल नव्वद. सांगणार, आशाबाई.

दृष्ट लागू नये, पोर जगावं म्हणून ठेवतात तसलं नाव. त्या शून्यापायी बाई खोटं बोलली होती, आणि इतकी वर्षं नवऱ्याला चकार शब्दानं कळू दिलं नव्हतं. बद्रीनाथांना रडू आलं. ते त्यांनी गिळलं.

"तिनं खोटं सांगितलं, भाटबुवा. आम्हाला मूलबाळ नव्हतं."

पुंजारामांनी पान उलटलं. आशाबाई मयत. सांगणार, मुलगा कडूबा.

"मी सोता आलतो तुमच्या दारी," ते म्हणाले. "त्यानंच दार उघडलं. आबा झोपलेत म्हनला. आईचं सांगताना लई रडला. जाताना तिनं गुळाचा खडा मागितला, अन् शुगर हाय म्हनून आबांनी दिला नाय, असं म्हनला."

शेजारचं पोर असेल. कुणी चेष्टा केली असेल. पण आशाबाई गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खोलीत नवरा-बायको दोघंच होते, आणि गुळाचं बद्रीनाथांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या एका खड्यापायी ते आजही झोपेतून दचकून उठायचे.

"नाव खोडू का?" पुंजारामांनी विचारलं. "मंग शून्य काढावं लागंल."

त्यांनी लेखणी उचललीसुद्धा.

"राहू द्या," बद्रीनाथ म्हणाले.

भाऊबंदाचं विचारायचं राहूनच गेलं.

बजाजनगरला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. दाराला कुलूप तसंच होतं. त्यांनी ते काढलं, कोयंडा सोडवला, दार ढकललं.

दार उघडलं नाही.

पुन्हा ढकललं. आतून कडी होती.

घराला दुसरं दार नव्हतं.

बद्रीनाथांना भीती वाटली. तरी त्यांना तिथून हलवेना. तीन वर्षांत त्यांना कुणी दार उघडलं नव्हतं.

त्यांनी हलकेच दार वाजवलं.

आत कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.