रुखमाबाईंची राखण

तुमच्या ताटातला रोहू आमच्याच बोडीतला आहे, तेव्हा निवांत जेवा. काटे जपून काढा, आणि मी सांगते ते घास गिळून मगच ऐका. ठसका लागला तर माझ्यावर येऊ नका.

काम अगदी साधं होतं. एका डब्यात नवे सेल घालायचे होते. डिसेंबरातला रविवार. मी आणि धर्मेंद्र, म्हणजे माझे यजमान, हुडकेश्वरच्या घरून उजाडायच्या आत बोडीकडे निघालो. मौद्याच्या अलीकडे धुकं असं उतरलं की पुढच्या ट्रकची ताडपत्री तेवढी दिसत होती. धर्मेंद्र गाडी चालवताना सहसा बडबड करतात. त्या दिवशी गप्प होते. नवरा गप्प असला की त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे मला इतक्या वर्षांत कळायला लागलंय.

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, भोवती मातीची पाळ. माझ्या सासूबाई, रुखमाबाई, पाळीवरच्या टिनाच्या खोलीत राहायच्या. त्या होत्या तोवर तिथं कुंपण नव्हतं, कुलूप नव्हतं, साधं कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांचा गळा होता. विचारून येईल त्याला त्या मासा द्यायच्या, वर मसाला कसा वाटायचा तेही सांगायच्या. न विचारता पाळीवर पाय ठेवणाऱ्याला मात्र अशा शिव्या बसायच्या की पलीकडच्या शेतातले बैलही थांबून ऐकायचे.

त्या गेल्या आणि चोरांचं राज्य सुरू झालं. मासे गेले, माशांच्या खाद्याची पोती गेली, कुंपणाची तार गेली. एकदा तर लोखंडी फाटक उचलून नेलं आणि कुलूप तेवढं दगडावर नीट ठेवून गेले. तक्रार द्यायला गेलो तर हवालदारानं गंभीरपणे विचारलं, "चोरीचे मासे समोर आले तर ओळखाल का?" धर्मेंद्र तिथून उठून आले ते ठरवूनच, की यंदाचीही मासळी गेली तर बोडी देऊन टाकायची. कृष्णकांत नावाचा एक प्लॉटवाला तयारच होता. तो मुरूम टाकून तळं बुजवणार आणि त्यावर प्लॉट पाडणार होता.

माझा मात्र त्या पाण्यात जीव आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला त्याच बोडीत पोहायला शिकवलं, स्वतः काष्टा मारून, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. आम्ही दोघी भांडायचो पाळीवर आणि समेट करायचो पाण्यात. ते सगळं मुरमाखाली जाणार म्हटल्यावर मला रडू यायचं.

म्हणून मीच ती शक्कल काढली. सासूबाईंच्या शेवटच्या उन्हाळ्यात पाळीवर चोर आले होते. त्यांनी मुलाला फोन लावायचा म्हणून काहीतरी भलतंच दाबलं, आणि त्यांचं ओरडणं मेसेज होऊन आमच्या फोनवर येऊन पडलं. "कोन हाय बे पाळीवर? थांब मुडद्या, तंगडं तोडतो तुयं!" मग जरा खुडबुड आणि शेवटी केविलवाणं, "धर्मा, हे बंद कसं करतेत गा?" हे ऐकून आम्ही किती वेळा हसलो असू! त्या गेल्यावर तोच मेसेज ऐकून रडलोही.

सीताबर्डीच्या एका दुकानदारानं तो आवाज एका डब्यात भरून दिला. समोरून कोणी गेलं की डबा आपोआप बोलणार. पाळीवर बाभळीचा खुंट ठोकून आम्ही तो बसवला. पहिल्यांदा वाजला तेव्हा धर्मेंद्र दचकून चिखलात बसले. मी हसले, पण मनात काहीतरी टोचलं. गेलेल्या माणसाला असं कामाला लावू नये, असं वाटलं. तरी मी गप्प राहिले, कारण बोडी मला हवी होती.

तर त्या रविवारी धुक्यातून चाचपडत पाळीवर चढलो. कुजक्या गवताचा आणि गार चिखलाचा वास येत होता. पाणी दिसत नव्हतं, नुसतं काठाला लागल्याचं ऐकू येत होतं. खुंट होता. डबा नव्हता.

"झालं!" धर्मेंद्र म्हणाले. "राखनदारच चोरून नेला वं."

मला हसू फुटलं, पण त्यांचं तोंड बघून ते गिळलं.

"कामिनी, मी कृष्णकांतले आज बोलावलं हाय वं. माया भरोसा नव्हता त्या डब्यावर, तुले सांगितलं नाही."

"इथं? आज?"

"हाव. येऊन राहिला तो."

तेवढ्यात धुक्यात पावलं वाजली. पाळीखालून एक माणूस वर आला, छातीशी दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी धरून. गावातल्या पार्वतीबाईंचा मुलगा बंटी होता तो. लग्नाचे मांडव घालणारा, तिशीचा, चांगला धिप्पाड गडी. चेहरा असा उतरलेला की आजारी वाटावा.

"काकू, हे घ्या तुमचं." त्यानं दुपट्टा उलगडला. आत डबा होता. "काकाजी, मले मारा, काही करा. पन हे घरी नाही ठेवत मी."

"तूच नेला काय?" धर्मेंद्र कडाडले.

"हाव. डबाबी मीच नेला, मासेबी मीच नेले." तो खाली बघत होता. "म्हटलं, स्पीकर मांडवात कामी येईन. घरी नेला तं रात्री सुरू झाला… कोन हाय बे, कोन हाय बे. मी सेल काढून टाकले."

"मग?"

"मंग तं जास्तच बोलाले लागला काकू…" त्याचा आवाज एकदम खाली आला. "म्हने, बंटी, तुयी माय बिनजेवनाची झोपली, तुले दिसत नाही काय? खरंच, माय जेवली नव्हती."

मला हसावं की घाबरावं कळेना. सासूबाईंना शोभेल असंच होतं ते.

"अन् पार्वतीबाई? भ्यायल्या असतील नं?"

"माय काहून भिते? दोघी जुन्या मैत्रिनी. रात्रभर गोष्टी करून राहिल्या. शेवटी मायनं विचारलं, रुखमा, तू झोपत काहून नाही वं?" बंटीनं डब्याकडं बोट केलं. "तं म्हने… कशी झोपू? राखनीले बसवलं मले."

बंटीनं खिशातून सेल काढून माझ्या हातात ठेवले. ते बर्फासारखे गार लागले. डबा धर्मेंद्रांनी घेतला, उलटा केला, मागचं झाकण उघडून बघितलं. आत काही नव्हतं.

"दारू पेऊन राहिला काय गा तू?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कृष्णकांत होता. धर्मेंद्रांनी डबा खुंटावर ठेवला आणि बोलायला लागले. "हाव… पाळीवरच हावो आम्ही… या नं, मोजून घ्या…"

"धर्मा."

आवाज मोठा नव्हता. घरात शेजारच्या खोलीतून हाक मारावी तसा होता. सेल माझ्या मुठीत होते. मी मूठ आणखी घट्ट आवळली.

"कोन येऊन राहिलं गा, धर्मा? विचारलं काय त्यानं मले?"

बंटी केव्हाच माझ्या मागे येऊन दडला होता, एवढा धिप्पाड गडी! धर्मेंद्रांनी फोन कानाला तसाच धरला होता. फोनमधून कृष्णकांत हॅलो हॅलो करत होता. आणि पन्नाशीला आलेला माझा नवरा लहान पोरासारखा म्हणाला, "नाही माय… नाही विचारलं." मग फोनमध्ये, "कृष्णकांतजी, येऊ नका. बोडी नाही द्यायची. माय नाही म्हनते."

माय जाऊन किती काळ झाला हे कृष्णकांतला ठाऊक होतं. त्यानं पुन्हा फोन केला नाही.

तेव्हापासून आमची बोडी सुखात आहे. फाटक नाही, तरी चोरी नाही. गावातली माणसं पाळीखाली उभी राहून आधी आवाज देतात, "आजी, एक मासा नेऊ काय?" मग थोडं थांबतात आणि एकच नेतात. पार्वतीबाई संध्याकाळी खुंटाजवळ येऊन बसतात. बंटी जाळं टाकतो, आणि टाकण्याआधी डब्याला हात जोडतो. धर्मेंद्र तर दर रविवारी जाऊन मायच्या शिव्या खाऊन येतात आणि आठवडाभर खूश असतात. डब्यात सेल आम्ही परत घातलेच नाहीत. गरजच पडली नाही.

मीही खूश होते, खरंच. कालपर्यंत.

काल तुमच्यासाठी हे मासे आणायला मी एकटीच गेले होते. दिवे लागायची वेळ होती. बंटी मासे पिशवीत भरून गाडीकडे गेला. मी डब्यावरची धूळ पदरानं पुसली, "येते आई" म्हटलं आणि वळले.

मागून आवाज आला. ओरडणं नव्हतं, शिवी नव्हती. दिवसभर भाताची रोवणी करून आलेल्या बाईचा असावा तसा, थकलेला.

"कामिनी… हे बंद कसं करतेत वं?"

मी परत फिरले. डबा उघडला. आत काढण्यासारखं काहीच नव्हतं.

"पाहून सांगते, आई," एवढं कसंबसं म्हणाले आणि निघाले. मी पाळ उतरून गाडीत बसेपर्यंत त्या तेच विचारत होत्या, हळू आवाजात, माझं नाव घेऊन.