न्हावऱ्याचं कनेक्शन

ही ऐकीव गोष्ट नाही. महेंद्र माझा मावसभाऊ. त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि तो काही थापा मारणाऱ्यातला नाही. मुळात फारसा बोलतच नाही तो.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. दौंड तालुक्यात, कासुर्डीजवळच्या एका डेअरीत घडलेली.

महेंद्र मूळचा पाटसचा, नोकरी पुण्याच्या कंपनीत. काम असं, की ठिकठिकाणचे कॉम्प्युटर एकमेकांशी जोडून द्यायचे. कुठल्या केंद्रावर किती दूध आलं, त्याची फाईल तिथल्या सर्व्हरवरून डेअरीच्या सॉफ्टवेअरनं आपोआप उचलायची. तीही वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशी, कुलूपबंद. प्रत्येक केंद्राचं कनेक्शन वेगळं. पत्ता, युजर, पासवर्ड. एक अक्षर चुकलं की बसा डोकं धरून.

पंधरवडाभर तो असाच बसला होता. डोळ्यांची आग व्हायची. बायको करुणा आधी रोज विचारायची, कधी येताय? मग तिनं विचारणंच सोडलं.

सगळी केंद्रं जोडून झाली. राहिलं एकच. शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याचं.

त्या दिवशी दिवेलागण होत आली होती. ऑफिसातली माणसं घरी गेलेली. महेंद्रनं यादीतला पत्ता टाकला, युजर टाकला, टेस्टचं बटण दाबलं.

काहीच नाही.

परत दाबलं. काहीच नाही. पलीकडं कुणी नसल्यासारखं.

शेवटी त्यानं केंद्राचा फोन लावला. रिंग वाजत राहिली... वाजत राहिली... तो ठेवणार, एवढ्यात कुणीतरी उचलला.

"व्हय, बोला." म्हाताऱ्या माणसाचा आवाज. दमलेला.

"मामा, कासुर्डीवरून बोलतोय. तुमचा सर्व्हर लागत नाहीये."

"थांबा. चालू करतो."

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग पंख्याची घरघर.

महेंद्रनं बटण दाबलं. स्क्रीनवर नेहमीची सूचना आली... हा सर्व्हर ओळखीचा नाही. विश्वास ठेवायचा का?

पहिल्यांदा जोडताना हे येतंच. खाली त्या सर्व्हरची ओळखखूण असते, आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ. ती समोरच्याकडून पडताळून घ्यायची असते. महेंद्र वाचायला लागला.

तो अर्ध्यावर थांबला, जांभई आली म्हणून.

पुढची अक्षरं पलीकडून आली. सावकाश, एकेक करून. अगदी बरोबर.

"पाठ आहे की तुम्हाला," महेंद्र म्हणाला.

"रोज तेच बघतोय, साहेब."

कनेक्शन लागलं. फाईल आली. महेंद्रला इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तो म्हणाला, "झालं मामा. आता घरी जा तुम्ही."

पलीकडं नुसती पंख्याची घरघर...

"कसं जाणार? लाईन तुटली तर कोण हाय हितं?"

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम झाल्याची सही घ्यायला तो न्हावऱ्याला निघाला. चौफुल्यावरून वळला, उसाच्या ट्रॅक्टरांमागून रखडत केंद्रावर पोचला. तिथला ऑपरेटर गोकुळ त्याला बघून म्हणाला, "बरं झालं आलात, सर. आपला सर्व्हर नवा हाय. त्याचा पत्ता तुम्हाला कुणी कळवलाच न्हाई जणू."

"काल तर फाईल आली."

"कुठून?"

महेंद्रनं लॅपटॉप उघडून दाखवलं. कालचं दूध, लिटरन् लिटर बरोबर. गोकुळनं किल्ल्या घेतल्या आणि मागच्या जुन्या खोलीचं कुलूप काढलं.

टेबलावर धूळ खात पडलेला कॉम्प्युटर. वायर काढून नेलेली. फोन होता, त्याचीही तार भिंतीपाशी तुटलेली. वर पंख्याच्या जागी नुसता हूक.

आणि एक स्टूल.

"इथं म्हाळू आप्पा बसायचे," गोकुळ म्हणाला. "लाईन सारखी तुटायची, आन् फाईल गेल्याबिगर हे उठायचे न्हाईत. पावसाळ्यात एका संध्याकाळी असंच बसून ऱ्हायले. आम्हाला वाटलं, गेले घरी. घरच्यांस्नी वाटलं, काम हाय."

सकाळी दार उघडलं तेव्हा कळलं.

महेंद्रनं बाहेर येऊन पुण्याला त्याच्या वरिष्ठ, अनुपमा मॅडमना फोन लावला. जुन्या सर्व्हरचं म्हणाला, बाकीचं गिळलं.

"फाईल येतेय ना? मग हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. "उद्या सिस्टिम चालू करायचीय. आता काही बिघडलं तर तुमच्यावर येईल."

त्या संध्याकाळी तो परत कासुर्डीत, त्याच खुर्चीत. जुन्या कनेक्शनपुढं हिरवा ठिपका. चालू.

नोकरी डोळ्यांपुढं आली. घराचं सगळं त्याच्यावर. पण तो ठिपका बघवेना. ज्या मशीनला वायर नाही, तिथं कुणीतरी अजून बसलंय... आपल्यासाठी.

त्यानं नव्या सर्व्हरचं कनेक्शन केलं, तपासलं. मग जुनं पुसून टाकलं.

लगेच मोबाईल वाजला. तोच नंबर.

"बंद केलं का, साहेब?"

"हो, मामा. दुसरं जोडलंय. तुमचं काम झालं."

पलीकडची पंख्याची घरघर थांबली.

"बरं. मग निघतो."

स्टूल सरकलं. चपला फरफटत गेल्या. दार लागलं.

फोन मात्र कुणी ठेवला नव्हता. महेंद्र ती रिकामी खोली ऐकत बसला, किती वेळ ते त्यालाही ठाऊक नाही.

सिस्टिम चालू झाली, सगळं सुरळीत झालं. कुणी काही विचारलं नाही. महेंद्र घरी जाऊन दोन दिवस झोपून राहिला.

पण मनातून जाईना. होळीच्या आसपास तो पुन्हा शिरूरकडं गेला आणि म्हाळू आप्पांचं घर शोधलं. त्यांची बायको ताईबाई ओट्यावर बसलेली. 'डेअरीचा माणूस' एवढंच त्यानं सांगितलं. तिनं पाणी दिलं, आणि त्यानं न विचारताच म्हणाली,

"आलं हायती ते घरी."

महेंद्रनं तांब्या ओट्यावर ठेवला.

"डिसेंबरापास्नं. दिवे लागले की कडी वाजती, चपला वाजत्यात. मी भ्यायले न्हाई. म्हनलं, आलं एकदाचं. ताट वाढून ठिवलं..." ती थांबली. "पर बसतच न्हाईत ओ. ह्या भितीपास्नं त्या भितीपतुर चालत्यात नुसतं. मला बी डोळा लागंना."

तिनं महेंद्रकडं पाहिलं. तिचेही डोळे डिसेंबरातल्या त्याच्या डोळ्यांसारखेच, जागून जागून लाल झालेले.

"त्यांचं काय काम ऱ्हायलंय का तिकडं, साहेब?"

महेंद्र तसाच उठून आला.

आता तो दुसऱ्या नोकरीत आहे. वेळेवर घरी येतो. पण दिवेलागणीला फोन वाजला तर उचलत नाही. मी त्याला म्हणतो, तू बरंच केलंस, मोकळं केलंस त्यांना.

तो म्हणतो, "मोकळं कुठं? ते अजून चालतायत."