पियानोची शाल

"डावीकडून धरा! अरे, माझ्या डावीकडून न्हाई, त्याच्या डावीकडून!"

वसंतामामा टेम्पोत उभे राहून ओरडत होते. खाली सहा माणसं एका काळ्या, कपाटाएवढ्या पियानोला झोंबली होती. शाळेच्या पायऱ्यांवर बसून सुमेधा, कल्याण आणि आर्यन श्वास रोखून बघत होते.

"पडला तर?" आर्यनने विचारलं.

"तोंड बंद ठेव!" सुमेधा म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीतला रविवार होता. अंबडमध्ये आज दिवसभर पियानो वाजणार होता. सकाळी शाळेच्या सभागृहात, दुपारी वाचनालयात आणि संध्याकाळी बाजाराच्या मोठ्या पत्र्याच्या शेडखाली. पियानो मात्र एकच! संभाजीनगरहून भाड्याने आणलेला. तो वसंतामामांच्या टेम्पोतून गावभर फिरणार होता आणि कार्यक्रम संपला की परत जाणार होता. वाजवणार होते राजानंद सर. ते याच गावात वाढले आणि आता पुण्यात पियानो शिकवतात. शेवटच्या कार्यक्रमात, सरांच्या आधी, सातवीतली सुमेधा एक छोटी रचना वाजवणार होती.

ती रचना सरांनीच तिच्यासाठी बांधली होती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते तिला शिकवत. अडचण एवढीच, की रचनेच्या शेवटी पाच सूर खाली खाली उतरत जात आणि सुमेधाचा कीबोर्ड त्यांच्या आधीच संपत असे. मग तिने कीबोर्डच्या डाव्या बाजूला देवघरातला पाट ठेवला होता. शेवटचे पाच सूर ती वर्षभर त्या पाटावर वाजवत आली होती. टक्, टक्, टक्, टक्, टक्! मोबाइलच्या स्पीकरवरही ते खोल सूर उमटत नसत, त्यामुळे ते प्रत्यक्षात कसे वाजतात, हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"आज तुझा पाट रिटायर!" आर्यन म्हणाला. "जा ना, आत्ताच एकदा दाबून बघ."

"न्हाई. संध्याकाळी. सगळे एकदम."

सभागृह भरलं. आयोजक बद्रीनाथकाका माइकवर आले. गावात कुठलाही कार्यक्रम असो, नियोजन बद्रीनाथकाकांचंच असे. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले. मग काका म्हणाले, "वाद्याचं पूजन झाल्याबिगर सूर लागत नसतो! पाहुण्यांना विनंती!"

पाहुणे डावीकडून आले, कारण उजवीकडे माइक होता. पियानोचं झाकण उघडंच होतं. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, कुंकवात घोळलेल्या तांदळाच्या मूठभर अक्षता. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. सर स्टुलावर बसले, त्यांनी पट्ट्यांवरची फुलं रुमालाने बाजूला केली आणि वाजवायला सुरुवात केली.

मध्येच ते अडखळले. डाव्या हाताचं एक बोट पट्टीवर पडलं, पण आवाजच आला नाही. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं.

कार्यक्रम संपल्यावर सर घाम पुसत म्हणाले, "खालच्या सुरांच्या दोन पट्ट्या बसल्यात. पहाटे टेम्पोत चढवण्याआधी मी वाजवून पाहिलं तेव्हा ठीक होत्या."

"वसंता!" बद्रीनाथकाका गरजले. "खड्ड्यातून आणला का रे?"

"म्या? चाळीसच्या वर काटा गेला न्हाई, काका! लेकरू झोपवून आणावं तसा आणला!"

"मंग पट्ट्या काय आपोआप बसल्या?"

वसंतामामा खाली मान घालून दोरी गुंडाळत राहिले.

कल्याणला ते आवडलं नाही. तो मुळातच हट्टी. एखादी गोष्ट कुणी सांगितली, की ती तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "आपण बघू," तो म्हणाला. "पियानो टेम्पोत चढवायच्या आधी सगळ्या पट्ट्या दाबायच्या. उतरवल्यावर परत दाबायच्या. रस्त्यात बिघडत असंल तर कळंलच!"

"दाबा," सुमेधा म्हणाली आणि तिने दोन्ही कानांत बोटं घातली.

चढवण्याआधी दोन पट्ट्या मुक्या होत्या. तिघं टेम्पोतच बसले. वाचनालयापाशी पियानो उतरला, कल्याणने पुन्हा पट्ट्या दाबल्या. दोनच!

"मामा सुटले!" आर्यन ओरडला.

पण वाचनालयातही पूजन झालं. तिथले पाहुणे जास्त उत्साही होते. आणि सर वाजवायला बसले तेव्हा डावीकडच्या आणखी तीन पट्ट्या गप्प झाल्या होत्या. सरांनी ठरवलेलं वाजवणं सोडून दिलं आणि उजव्या हातानेच जमेल तेवढं वाजवलं. लोकांना काही कळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी आर्यनने मोबाइलचा टॉर्च लावून पट्ट्यांच्या फटीला डोळा लावला. "ए! आत काहीतरी लाल आहे! तांदूळ!"

तिघांनी आळीपाळीने फटीत डोकावलं.

"अक्षता," कल्याण म्हणाला. "पाहुणे डावीकडून येतात. म्हणून डावीकडच्याच पट्ट्या बसतात. दाणा पट्टीच्या खाली जातो आणि पट्टी खाली जातच न्हाई!"

सुमेधाने कानातली बोटं कधीच काढली होती. "कुठल्या पाच बसल्या?" तिने विचारलं.

कल्याणने दाखवल्या. तिने त्या एकेक करून मोजल्या. तिचेच पाच सूर होते ते.

राजानंद सरांनी पियानोच्या मालकाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. "मालकाला विचारल्याशिवाय मला हा उघडता येणार नाही," सर म्हणाले. "तशी अटच आहे. आणि खरं सांगू? मी वाजवतो. उघडणं माझं काम नाही. सुमेधा, बेटा, संध्याकाळी तू... आपण पुढच्या वर्षी बघू. चालेल?"

"चालेल," सुमेधा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पुढच्या वर्षी पियानो येईल की नाही, हे सरांनाही ठाऊक नव्हतं.

मुलं बद्रीनाथकाकांकडे गेली. काका एका हाताने वरण-भात खात होते आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होते.

"काका, पूजेच्या अक्षतांनी पट्ट्या अडकून राह्यल्या!"

"तांदळानं? एवढ्याशा तांदळानं एवढा मोठा पियानो बंद पडतो का रे?"

"पडला ना! संध्याकाळी पूजा नका करू."

"अन् पाहुण्यांनी काय करायचं? हात जोडून नुसतं बघायचं? एवढ्या लांबून आलो अन् पूजाबी करू दिली न्हाई म्हणतील!"

"मंग झाकण लावून करा," सुमेधा म्हणाली.

"झाकण लावून? फोटोत काय दिसंल, कपाट? जा, खेळा जा!"

वाचनालयाच्या ओट्यावर तिघं येऊन बसले. समोर टेम्पो उभा होता. मागे वाचनालयात पियानो होता. पियानोत दाणे होते. ते कुठे आहेत हे माहीत होतं, कसे गेले तेही माहीत होतं आणि तरी काहीच करता येत नव्हतं. आर्यनलासुद्धा विनोद सुचत नव्हता.

"एवढा बारका दाणा कुणी कशानं उचलणार?" तो शेवटी पुटपुटला.

कल्याण ताडकन उठला. "अर्पिताताई!"

कल्याणची मोठी बहीण अर्पिता जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत असे. बियाण्याचे दाणे चिमट्याने ओल्या कागदावर मांडायचे आणि किती उगवले ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. दिवाळीला ती घरी आली होती. कल्याणने सायकल काढली आणि ताईला चिमट्यासकट डबलसीट घेऊन आला.

ताईने आधी सरांकडे पाहिलं. "पियानो उघडत न्हाई, सर. फक्त वरून, फटीतून. चालेल?"

सरांनी होकाराची मान हलवली.

लांब, पातळ टोकाचा चिमटा फटीत गेला. आर्यनने टॉर्च धरला. पहिला दाणा निघाला तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला, की ताईचा हात हलला आणि दुसरा दाणा आणखी आत गेला.

"आता आवाज केलास तर तुलाच चिमट्यानं उचलीन!"

आर्यनने तोंडावर हात ठेवला. सुमेधा बाहेर जाऊन उभी राहिली. तिला सूर ऐकायचे नव्हते, आणि आतून कुठलाच सूर आला नाही तर तेही ऐकायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने कल्याण बाहेर आला. "चार सुटल्या."

"आणि पाचवी?"

"सगळ्यात खालची. दाणा पार खाली गेलाय. पियानो उघडल्याशिवाय निघत न्हाई."

तो कुठला दाणा, हे आर्यनला कुणी सांगायची गरज नव्हती. तो टेम्पोमागे जाऊन एकटाच बसला.

संध्याकाळ झाली. शेडखाली खुर्च्या भरल्या. कल्याणने पुढच्या रांगेतले पाहुणे मोजले. दुपारी दोन होते, आता सहा! स्टेजवर स्टीलचं ताट ठेवलं होतं आणि त्यात अक्षतांचा हा एवढा ढीग!

"संपलं," सुमेधा म्हणाली. "सगळाच बंद पडंल आता."

सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, टाळ्या. शाल, श्रीफळ, टाळ्या. आर्यन खाली मान घालून बसला होता. अचानक त्याने वर पाहिलं, कल्याणच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं स्टेजच्या मागच्या बाजूने बद्रीनाथकाकांपाशी पोचले.

"काका, सगळ्यांचे सत्कार झाले. पियानोचा राह्यला!"

"पियानोचा? पागल झाला का?"

"दिवसभर तोच तर राबून राह्यला, काका! शाल पांघरायची, वर हार घालायचा. असा फोटो जिल्ह्यात कुणाकडंच नसंल!"

काकांचे डोळे चमकले. ते माइककडे वळले. "आणि आता, रसिकहो! आजचा खरा सत्कारमूर्ती! पियानोचा सत्कार!"

शेडभर हशा आणि टाळ्या उसळल्या. आर्यनने हळूच पट्ट्यांवरचं झाकण लावलं. सर्वांत मोठी जरीची शाल पियानोवर पडली आणि कल्याणने तिच्या कडा चारी बाजूंनी नीट ओढून घेतल्या. मग सहाही पाहुण्यांनी मनसोक्त पूजन केलं. हळद, कुंकू, फुलं, मुठी भरभरून अक्षता. सगळं शालीवर! फोटो झाले. पाहुणे खाली उतरताच कल्याण आणि आर्यनने शालीची चार टोकं उचलली आणि ती गाठोड्यासारखी बाजूला नेली. शालीत तांदूळ सळसळला.

राजानंद सर बाजूला उभे होते. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता, पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. ते माइकपाशी आले. "सुरुवात सुमेधा करणार आहे!"

सुमेधा बसली. रचना पुढे सरकत गेली आणि शेवट आला. डावा हात खाली उतरायला लागला. पहिला सूर आला. तो पाटासारखा नव्हता. तो खोल होता, पोटात जाणवणारा. दुसरा. तिसरा. चौथा. आणि पाचव्या पट्टीवर बोट पडलं तेव्हा पट्टी हललीच नाही. टक्. थेट पाटासारखं.

टाळ्या पडल्या. तिने वाकून नमस्कार केला आणि खाली उतरली. मग ती शेडच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

सरांचं वाजवणं संपलं. लोक पांगले. वसंतामामा दोर घेऊन आले. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. मालक होता! दिवसभर लग्नात होता म्हणे, फोन घरीच विसरला होता. सरांनी सगळं सांगितलं आणि फोन ठेवला. "हो म्हणाला. समोरची फळी काढायला परवानगी आहे. कशी काढायची तेही सांगितलंय. पण आता कार्यक्रम तर झाला..."

बद्रीनाथकाका जवळच उभे होते. त्यांच्यासमोर शालीचं गाठोडं सुटलं होतं आणि त्यातली तांदळाची रास ते मघापासून बघत होते.

"वसंता, दोर खाली ठेव," ते म्हणाले. "तुला सकाळी उगाच बोललो."

"मंग! लेकरू झोपवून आणावं तसा आणल्ता म्हणालो ना!"

"टेम्पोतला पाना-पेचकस आण. पियानो असा न्हाई जायचा. पोरीचा एक सूर राह्यला." मग ते मुलांकडे वळले. "तुम्ही दुपारी बराबर सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाई. वर मलाच शालीत गुंडाळलं तुम्ही! शाब्बास रे!"

"आयडिया माझी होती," आर्यन पुटपुटला. "आणि तो दाणाही."

फळी निघाली. काकांनी स्वतः टॉर्च धरला. अर्पिताताईने चिमटा आत घातला, हलकेच ओढला आणि एक लालसर दाणा काकांच्या तळहातावर ठेवला.

"एवढुसा!" काका म्हणाले.

रिकाम्या शेडमध्ये सुमेधाने सगळ्यात खालच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि दाबलं.

सूर आला. तो शेडभर पसरला आणि वरचा पत्रा बारीक थरथरला. तो विरेपर्यंत तिने बोट उचललं नाही.

"असंच वाजत व्हतं का घरी, पाटावर?" काकांनी हळूच विचारलं.

"न्हाई, काका," सुमेधा म्हणाली. "पाटावर टक् झालं की मला वाटायचं, इथं रचना संपती. पण सूर तर पुढंबी वाजत राहतो."

आणि तिने पट्टी पुन्हा दाबली.