सख्खी वैरीण

धावून परतलेली धाकटी बहीण भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात थबकली, चेहरा पांढराफटक पडला, तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली... आणि ते पाहणाऱ्या ताईच्या मनात भीती नव्हे, आनंद उसळला!

"काय झालं?" चहा गाळता गाळता ताईनं विचारलं.

"काही नाही गं. जोरात पळाले, जरा अंधारी आली."

"छातीत धडधड?"

"पळणाऱ्याच्या छातीत धडधड नाही तर काय अंगाईगीत वाजणार?" धाकटी हसली. "डॉक्टर म्हणालेत, खेळाडूचं हृदय आहे. थोडं जाड असायचंच."

खेळाडूचं हृदय! एके काळी हेच शब्द ताईच्याही तोंडी होते. तेव्हा ती विमानाची कॅप्टन होती; धावण्यात, पोहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा भिंगरीच्या देखत व्यायाम करता करता ती बेशुद्ध पडली. "कुणाला सांगू नकोस," अशी विनवणी केली, तरी भिंगरीनं ते वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं! त्यांनी तीन महिने व्यायाम बंद ठेवायला लावून पुन्हा तपासलं. व्यायामानं जाड झालेला हृदयाचा स्नायू विश्रांतीनं उतरतो. ताईचा उतरला नाही. आजार ठरला, परवाना गेला. आईवडिलांच्या माघारी जिला लेकीसारखं वाढवलं, स्वतःचं लग्न मोडून जिला वैमानिक केलं, तिनंच आपले पंख छाटले... आज ती कॅप्टन होती, आणि ताई विमानतळावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून हवामानाचे नि इंधनाचे कागद तिच्याच हातात ठेवत होती!

"घरात हा आजार आहे, हे डॉक्टरांना सांगितलंस?"

भिंगरीनं नजर चोरली. "नवे डॉक्टर आहेत. त्यांनी विचारलं नाही."

बस्स! ताईला हवं ते मिळालं.

दुसऱ्याच दिवशी, लग्नघरी निघाल्यासारखे केस नीट विंचरून ती वैमानिक तपासणाऱ्या आपल्या त्याच जुन्या डॉक्टरांपुढे उभी राहिली. "माझ्या बहिणीला चक्कर येते. माझा आजारही तिनं लपवलाय. विमानभर माणसं तिच्या भरवशावर असतात!" एकेक शब्द तिनं खडीसाखरेसारखा चघळत उच्चारला.

भिंगरीचं उड्डाण थांबलं, धावणंही थांबलं. घरात रणकंदन माजलं.

"जळतेस तू माझ्यावर!"

"हो, जळते! इतकी वर्षं धुमसतेय! कळू दे तुलाही, आकाश हिरावलं की काय उरतं ते!"

त्यानंतर भिंगरी तिच्याशी बोलली नाही. ती खिडकीशी बसून राही, आणि तिची ती तगमग ताई डोळे भरून पाही. हाच तर न्याय!

तीन महिन्यांनी फेरतपासणीच्या निकालाला ताई मुद्दाम गेली. तिला तो चेहरा पाहायचा होता.

"स्नायू उतरलेला नाही," पडद्यावरच्या हलत्या हृदयाकडे पाहत डॉक्टर म्हणाले. "ठोक्यांतही धोकादायक गडबड आहे. अशीच पळत राहिली असती, तर एखाद्या दिवशी घरी परतली नसती. तुमचंही तेच झालं असतं, ताई."

हे त्यांनी पूर्वीही सांगितलं होतं. संतापानं अंध झालेल्या ताईनं ते कानाआड केलं होतं. पण आज समोर भिंगरीचा रक्त उतरलेला चेहरा होता, आणि ते वाक्य काळजात कट्यारीसारखं घुसलं... घरी परतली नसती!

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. भिंगरीनं विचारलं, "तू मला वाचवायला गेली नव्हतीस ना?"

"नाही." ताईला खोटं बोलवेना. "सूड उगवायला गेले होते. आणि तू... तेव्हा डॉक्टरांना का सांगितलंस?"

"भिऊन! तू डोळे उघडेपर्यंत मी तुला गेलेलीच समजत होते गं! हाका मारून घसा फुटला माझा..."

"मग एकदा तरी सांगायचंस, मेले!"

"बोलू दिलंस कधी?"

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. तिनं भिंगरीचा थंडगार हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "अजून माफ केलेलं नाही मी तुला."

"नको करूस... पण ताई, आता जमिनीवर काय करायचं गं?"

"आधी पोटभर रडायचं," ताई म्हणाली. "मी एकटीच रडले. तुला एकटीला रडू देणार नाही."