पोत्यातली तार

तलवार धड पेटत नव्हती, एवढीच तक्रार होती.

मांडवगण फराट्याच्या चौकात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी उसवायच्या, नवी तार भरून परत द्यायच्या, हा धंदा वडिलांपासून चालत आलेला. माझी मुलगी तहमीना आठवीत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती चांदबीबी होणार होती आणि तिची तलवार साधीसुधी नव्हती. गवंड्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी, ती ताठ राहावी म्हणून आत बांबूची कामटी, कामटीवर एलईडीची पट्टी, खाली प्लॅस्टिक पाइपाची मूठ, मुठीत मोडीतल्या लॅपटॉपचे सेल आणि एक बटण. सगळं तिनं स्वतः जोडलेलं. नाचाच्या शेवटी ती बुरुजावर चढणार, डाव्या हातानं खांब धरणार, उजव्या हातानं तलवार उंचावणार आणि तलवार निळी पेटणार. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"अब्बा, कवा पेटती, कवा न्हाई. बघा की जरा."

मी मीटर लावून बघितलं. सेल ठीक, बटण ठीक, पट्टीही ठीक. घोळ जोडणीच्या तारेत होता, तिनं मोटारीचीच तार वापरलेली. मोटारीच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, नुसता चिकटल्याचा आव आणतो. बाईसाहेबांनी खरवडलंच नव्हतं.

"चांदबीबी, रिवाइंडरच्या घरात जन्माला आलीस आन् तार सोलायची राहिली?"

"घाई झाली ओ."

ब्लेडनं टोकं खरवडली, नव्यानं सोल्डर केलं आणि तलवार झगझगीत पेटली. तहमीना उड्या मारत घरी गेली. मी सेल काढून चार्जिंगला लावले आणि तलवार फळीवर ठेवली.

संध्याकाळी लाईट गेली. आमच्याकडं ती जातेच, त्यात काही विशेष नाही. मी दारात बसून चहा घेत होतो. पाठीमागं भिंतीवर निळसर उजेड पडलेला दिसला. मोबाइल चमकला असेल म्हणून वळलो, तर फळीवरची तलवार पेटलेली होती.

मूठ उघडली. आत सेल नव्हते. पट्टीच्या दोन्ही टोकांना मीटर लावला, शून्य. जवळून चालू लाईन गेली असेल तर कधी कधी असा मंद उजेड येतो खरा. पण अख्ख्या गावाची लाईट गेलेली होती आणि हा उजेड मंदही नव्हता. मी तिथंच उभा राहिलो. चहा निवला. मग छताचा पंखा गरगरला, लाईट आली आणि त्याच क्षणी तलवार विझली.

मीटर बिघडला असणार, असं मी स्वतःला सांगितलं. माझा मीटरवर विश्वास आहे, भुताखेतांवर नाही. त्यामुळे मीटरला दोष देताना मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विश्वजीत फराटे स्टार्टर घेऊन आला. लाईट नव्हतीच. आम्ही बोलत होतो तेवढ्यात फळीवर पुन्हा निळा उजेड झाला.

"झ्याक हाय की ओ तलवार," विश्वजीत म्हणाला. "सेलवर चालती?"

"सेल हे काय, माझ्या हातात हायेत."

तो हसला नाही. मीही नाही. थोड्या वेळानं पंखा फिरला, तलवार विझली. तेवढ्यात तहमीना शाळेतून आली. मी तलवार हातात घेतली आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. माझ्या दुकानातली नवी तार सोन्यासारखी असते. ही काळपट लाल होती.

"ही तार कुठनं घेतलीस गं?"

"मागच्या पोत्यातली. नवी घेतली की तुम्ही वरडता."

विश्वजीतनं हातातला स्टार्टर खाली ठेवला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्या मोटारीनं माणूस घेतला, तिची तार पुन्हा कुठल्या मोटारीत भरायची नाही. पोत्यात घालून वेगळी बांधायची आणि मोडीवाल्याला द्यायची. मी ही रीत पाळतो ती वडील पाळायचे म्हणून. दुकानामागच्या लिंबाला बांधलेल्या पोत्यात विश्वजीतच्या वडिलांच्या, संपतआबांच्या मोटारीची तार होती, मोडीवाल्याला द्यायची राहिलेली.

गेल्या उन्हाळ्यात लाईट गेली म्हणून आबा मोटार बघायला विहिरीत उतरले. स्टार्टरला ऑटो लावलेला, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू. आबा पाण्यात असतानाच लाईट आली. फार चांगला माणूस. कडबाकुट्टीत एक करंगळी गेलेली, तरी कामाला वाघ. दुकानात आले की तहमीनाच्या हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय जायचे नाहीत.

"आबा नेहमी म्हणायचे," विश्वजीत जाता जाता म्हणाला, "लाईट यायच्या आधी माणसाला कळाय पायजे राव. एवढं कळलं तरी बास." आणि स्टार्टर तसाच टाकून निघून गेला.

ती तार मी तेव्हाच उपसून टाकायला हवी होती. पण उपसली असती तर मी ते सगळं मान्य केल्यासारखं झालं असतं. मधला मार्ग काढला. तार राहू दिली आणि तहमीनाला सांगितलं की सेल उतरलेत, आता मिळायचे नाहीत, उद्या तलवार न पेटवताच नाच. पोरीच्या हातात ती वस्तू पेटलेली मला बघायची नव्हती, एवढं खरं. ती रात्री जेवली नाही. मला फार वाईट वाटलं, तरी मी बधलो नाही.

गॅदरिंग दुपारी होतं. शाळेच्या मैदानात लोखंडी पाइपांचा मंडप, वर हॅलोजन, बाजूला प्लायवूडचा बुरुज. सकाळपासून लाईट नव्हती. स्पीकर बॅटरीवर चालला होता. मी पुढच्या रांगेत बसलो. तिन्ही सेल माझ्या खिशात होते आणि मी ते सारखे चाचपून बघत होतो.

तहमीना आली. पांढरा अंगरखा, कमरेला शेला, अनवाणी पाय. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पण नाचली अशी की बायकांनी दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. लढाई सुरू झाली, ढोल वाढला, ती बुरुजाची पहिली पायरी चढली.

तलवार पेटली.

मैदानभर टाळ्या पडल्या. माझा हात खिशात होता. सेल खिशातच होते.

लाईट येणार होती.

मी पहिल्यांदा तिच्या पायांकडं बघितलं. मग डाव्या हाताकडं. तो खांबाकडं चालला होता. खांब म्हणजे मंडपाचा लोखंडी पाइप. पाइपावरनं नजर वर नेली. हॅलोजनची वायर क्लॅम्पखाली चिमटली होती. वरचं प्लॅस्टिक फाटून आतलं तांबं पाइपाला टेकलेलं होतं.

"तहमीना! हात लावू नगं!"

ढोलात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी खुर्च्या ढकलत धावलो.

ती थांबलेली होती. हात पुढं केलेला, बोटं पाइपापासून वीतभर लांब. अवघडून, मागं ओढल्यासारखी.

मी तिला कमरेला धरून खाली ओढलं. त्याच वेळी क्लॅम्पपाशी निळा जाळ झाला आणि वरचा हॅलोजन फुटला. लोक ओरडले. तलवार विझली.

पुढं बराच गोंधळ झाला. डेकोरेटरला लोकांनी धरलं. कुणी माझी पाठ थोपटली, कुणी पाणी आणलं. मी पोरीला घेऊन वर्गाच्या पायरीवर बसलो. अल्लानं वाचवलं, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

"माझी हाक ऐकलीस म्हणून बरं," मी म्हणालो.

"हाक कुठली? मला न्हाई आली ऐकू."

"मग थांबलीस कशी?"

"मागनं कुणीतरी हात धरला की." ती अजून हुंदके देत होती. "मला वाटलं रश्मी मॅडम. पण लई गार हात होता."

नाच बसवणाऱ्या रश्मी मॅडम मैदानाच्या त्या टोकाला स्पीकरपाशी उभ्या होत्या. नाचभर तिथंच होत्या.

मी तिचा डावा हात हातात घेतला. अंगरख्याची बाही मनगटापासून कोपरापर्यंत ओली होती. वास आला तो विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळाचा. पांढऱ्या कापडावर हिरवट ठसा उमटला होता, अंगठा आणि बोटं, घट्ट धरलेली.

करंगळीच्या जागी बाही पांढरीच होती.