एकवीस डोकी, चाळीस बूट

तो सामना जिंकला तर कोलमन हेशनला तीन गोष्टी मिळणार होत्या: डब्लिनपर्यंतची रेल्वेसफर, पंचक्रोशीत नाव आणि ऑनर लार्किन. पहिल्या दोन्हींत एकवीस वाटेकरी होते. तिसरीत त्याला वाटेकरी नको होता.

कोलमन अडतीस वर्षांचा, आमच्या संघाचा कप्तान. चार वर्षं तो ऑनरच्या कुंपणाला टेकून उभा राहत आला होता. शेवटी कुंपण कललं. तेव्हा ती म्हणाली, "ड्रमीनवाल्यांना हरव. त्याच रविवारी पाद्रीबाबांशी बोलते."

हर्लिंगची अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. एका बाजूला एकवीस गडी, हातात अ‍ॅशच्या लाकडाच्या वाकड्या काठ्या, मध्ये एक चेंडू. मी किलब्रॅकच्या संघाचा चिटणीस, गड्यांची यादी माझ्याकडे. गुरुवारी फेस्टी क्वाल्टर बॉस्टनच्या बोटीत बसला आणि यादीत वीसच उरले.

काठ्या मात्र एकवीस तयार होत्या. सुतार मॉर्टिमरने त्या गावाबाहेरच्या गोल गढीतलं झाड तोडून केल्या होत्या. त्या गढीतली वाळकी काडीसुद्धा आमच्याकडे कुणी उचलत नाही. तिथे जमिनीखाली 'ती मंडळी' राहतात, ज्यांचं नाव घेऊ नये ती, आणि हर्लिंगचा नाद त्यांनाही आहे म्हणे.

"मी त्यांना रीतसर विचारलं होतं," मॉर्टिमर म्हणाला.

"मग? काय म्हणाले?"

"गप्प राहिले. आपल्याकडे गप्प म्हणजे होकार. माझं लग्न तसंच जमलं."

रविवारी पहाटेपर्यंत पाऊस पडून माळ भिजला होता. मी काठ्या दगडी भिंतीला ओळीने टेकवल्या. वीस गड्यांनी वीस उचलल्या. मी यादी काढायला खिशात हात घातला, वर पाहिलं, तर भिंत रिकामी.

मी डोकी मोजली. एकवीस. माझी मोजदाद चुकत नाही, तरी बूट मोजले. चाळीस.

एकविसावा अनवाणी होता. त्यात काही नवल नव्हतं. निम्मं आयर्लंड अनवाणी खेळतं. पण बाकीच्यांच्या पायांखाली गवत लोळलं होतं. त्याच्या पायांखालचं गवत ताठ उभं होतं, दवासकट.

तो चांगला खेळला. फारच चांगला. त्याला धाप लागत नव्हती, आणि तो धावून गेला की मागे ओल्या मातीचा वास यायचा, तळघराचं दार उघडल्यासारखा. सामना बरोबरीत, पाच मिनिटं उरलेली, चेंडू त्याच्या काठीसमोर. आणि ड्रमीनचा कप्तान थॅडी हात वर करून आडवा आला.

"हरकत! पंच, हा कुठला? जो रात्री ज्या गावात झोपतो त्याने त्याच गावाकडून खेळायचं, नियम आहे!"

"हरल्याशिवाय हरकत घेतोस, थॅडी? प्रगती आहे," मॉर्टिमर ओरडला.

पंचाने कोलमनकडे पाहिलं. कोलमनने बांधावरच्या ऑनरकडे पाहिलं.

"माझ्याकडे असतो," तो म्हणाला. "माझ्याच घरात झोपतो."

"नाव?"

"हेशन. लिही रे."

मी लिहिलं. तेव्हा तो परका पहिल्यांदा बोलला, अगदी हळू.

"किती दिवस?"

"हवे तितके दिवस, बाबा! आधी चेंडू मार!"

त्याने मारला.

संध्याकाळी कोलमनला खांद्यावर घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने टेबलावर स्वतःचं सोडून दोन ताटं मांडून ठेवली होती.

"आम्ही जिंकलो हे तुम्हाला कुणी सांगितलं, मावशी?"

"तुम्ही जिंकलात?" म्हातारी म्हणाली. "मला एवढंच कळलं की आता घरात मुलगे दोघं असणार."

पुढचे तीन आठवडे मी कामात होतो. ऑनरने शब्द पाळल्याचं ऐकलं. कोलमन अलीकडे जेवत नाही, हेही ऐकलं. प्रेमात पडलेल्यांचं तसंच असतं, असं सगळे म्हणाले.

डब्लिनला निघायच्या सकाळी पुन्हा पाऊस होता. फलाटावर मी डोकी मोजली. एकवीस. सवयीने बूट मोजले. चाळीस.

हिशेब जुळला होता. मी यादी मिटणार, तेवढ्यात एका डाव्या बुटाच्या टाचेवरचं ठिगळ दिसलं. ते मॉर्टिमरने कोलमनला लावून दिलेलं होतं. ऑनर खाली बसून त्या बुटाची नाडी बांधत होती.

"सांभाळून खेळ, कोलमन," ती म्हणाली. वर पाहून हसलीसुद्धा.

मी यादीवर नजर फिरवली. हेशन, हेशन. दोन्ही नावं माझ्याच अक्षरात.

डब्याच्या दाराशी एक अनवाणी गडी उभा होता. अडतीस वर्षांचा, एक खांदा कललेला, कुंपणाला टेकून टेकून कलतो तसा. तो तिच्याकडे पाहत होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

गाडी हलल्यावर मी खिडकीतून मागे पाहिलं. ओल्या फलाटावर चिखलाचे ठसे होते. गड्यांचे ते वीस जणांचे होते; अनवाणी पावलाचा एकही नव्हता.